न सापडलेला चकवा

उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे तुम्हाला कोणी समजावून सांगितलं होतं? पाठ तर सगळ्यांकडूनच करून घेतलं जातं. समजावलं कोणी? त्या माणसाचं नाव आठवत असेल तर एकदा मोठ्यानं घ्या. आणि मग सांगा, तुमच्या घरात आज जे मूल आठवीत आहे, ते वीस वर्षांनी कोणाचं नाव घेईल?

एवढं वाचणाऱ्यांसाठी होतं, सर. इथून पुढचं तुमच्याशी.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. नागपुरात, बेसातल्या माझ्या खोलीत खिडकीखाली आठवीच्या एकतीस वह्या रचून ठेवल्या आहेत. बाहेर नवी इमारत उठते आहे, दिवसभर सळया आपटल्याचा आवाज येतो, आणि प्रत्येक आवाजाला मी दचकते. वह्या पाहून झाल्या आहेत. तुम्ही सांगितलं होतं म्हणून पाहिल्या. आता मला भेव वाटतं आहे.

भीती म्हणाले असते, पण तो माझ्या कामातला शब्द आहे. भीती पत्रकात बसते. तिच्यापुढे 'दाखवणाऱ्यांनो, सावधान' असं जोडलं की वाक्य पुरं होतं. भेव तुमच्या तोंडचा शब्द. त्याच्यापुढे काही जोडता येत नाही.

बाबा म्हणायचे, पत्रकात राग चालतो, दुःख चालतं, पण आपण घाबरलो आहोत हे कधी लिहायचं नाही. लोक घरातून निघतानाच आपापलं घाबरणं बरोबर घेऊन निघतात, त्यांच्या हातात आणखी एक कशाला द्यायचं. आज मी बाबांचा नियम मोडते आहे. तुम्हाला हे आवडलं असतं. बाबांचे नियम मोडलेले तुम्हाला नेहमीच आवडायचे.

पारशिवनीत बाबांचा छापखाना होता, हे तुम्हाला काय सांगायचं. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी. मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. 'बंधूंनो' हा शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आला. नावही त्यांनी क्रांती ठेवलं, आणि त्या नावाची तुम्ही पाच वर्षं मजा घेतलीत. मी तापानं घरी असले की हजेरीत तुम्ही सांगायचात, "आज क्रांती आली नाही गा. तब्येत बरी नाही तिची. उद्या येईन म्हणते." बाबांच्या कानावर हे गेलं तेव्हापासून ते छापखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे आणि मग पुन्हा छपाईकडे वळायचे.

उरलेली पत्रकं एका बाजूनं कोरी असायची. त्या पाठकोऱ्या कागदांची बाबा वही शिवून द्यायचे, आणि मी तिच्यात तुमची गणितं सोडवायची. पुढच्या बाजूला 'उठा, जागे व्हा', मागच्या बाजूला लसावि-मसावि. तुम्ही वही तपासताना कागद उलटून आधी पत्रक वाचायचात आणि मग गणित. "पुढून तुह्या बापाचं, मागून माहं," म्हणायचात. "बापाचं लवकर जुनं होते. माहं टिकते."

आणि चकवा. वाचणाऱ्यांपैकी जे शहरातच वाढले त्यांना चकवा सांगावा लागेल. आमच्याकडे पेंचच्या बाजूला माणूस रोजच्या पांधणीनं शेतातून घराकडे निघतो, चालत राहतो, आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. त्याला चकवा लागला म्हणतात. माणसाला वाट चुकवणारं ते काहीतरी असतं, दिसत नाही. तुम्ही तो शब्द भुतांकडून काढून घेतलात आणि गणिताला दिलात. रोज फळ्यावर तुम्ही मुद्दाम एक चूक करायची. तोच चकवा. ज्याला तो सापडेल त्याच्या हातात खडू जायचा, पुढचं गणित त्यानं सोडवून दाखवायचं, आणि तुम्ही त्याच्या जागी बाकावर जाऊन बसायचात. कोणालाच सापडला नाही तर घंटेआधी तुम्ही स्वतः दाखवायचात. तोवर सगळं पेन्सिलीनं. घंटा झाली की फळ्यावर जे उरलं ते खरं. ते शाईनं लिहून घ्यायचं.

पुस्तकावर विश्वास ठेवू नका, माझ्यावर तर अजिबात ठेवू नका, असं सांगणारे तुम्ही आमचे पहिले शिक्षक. बाबांची पत्रकं व्यवस्थेला प्रश्न विचारा म्हणायची. तुम्ही रोज अकरा वाजता स्वतःलाच प्रश्न विचारायला लावायचात. दोन्हींपैकी क्रांती कशात जास्त होती, हे मला उशिरा कळलं.

चकवा लागल्यावर काय करायचं, तेही तुम्हीच शिकवलंत. पळायचं नाही. पळणारा आणखी आत जातो. आहे तिथं बसायचं आणि शेवटची ओळखीची खूण कोणती होती ते आठवायचं. गणितातही तेच. ज्या ओळीपर्यंत खात्री आहे त्या ओळीवर परत जायचं.

माझी शेवटची खात्रीची ओळ शोधत मी आज इथवर लिहिलं. ती आठवीतच आहे, सर, पण तिथंच एक भांडणही आहे.

त्या दिवशी त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेत चकवा होता आणि तो मला सापडला. तुम्ही खडू दिलात. मी फळ्याकडे वळले आणि पाठीमागे सगळा वर्ग आहे एवढंच उरलं. कोन गेले, आकडे गेले. तुम्ही माझ्या बाकावर हाताची घडी घालून बसला होतात. मी वळून पाहिलं, तुम्ही मान हलवली नाही. घंटा होईपर्यंत मी तशीच उभी. वीस मिनिटं. तुम्ही नेहमी म्हणायचात की पाचच होती. माझ्या मोजणीत वीस आहेत आणि वीसच राहतील. तुम्ही मला बसवायला हवं होतं.

मोठी झाल्यावर मी हे कितीदा तरी काढलं. तुम्ही दर वेळी तेच सांगायचात, की मला बसवलं असतं तर उभं राहणं म्हणजे शिक्षा असं माझ्या मनात बसलं असतं. मी म्हणायची, शिक्षाच होती ती. त्यावर तुम्ही चष्म्याच्या डबीतून खडू काढायचात, कारण तुमच्या डबीत खडू असायचा आणि चष्मा सदऱ्याच्या खिशात, आणि तो माझ्यापुढे धरून विचारायचात, "मंग अजून भोगून राहिली का?"

मी तो खडू एकदाही घेतला नाही.

गणितातच बी.एस्सी. केलं, तेही तुमच्यामुळे. पण वर्ग नको, म्हणून पत्रकं. पाच वर्षांपूर्वी 'गणिताला माणूस द्या' हे पहिलं लिहिलं, बाबांनी छापलं. कॉलेजांच्या फाटकांवर वाटलं, मिहानच्या आयटी कंपन्यांकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर वाटलं. भाषा कडक होती. मुलगी बघायला आलेल्या घरात 'मुलगा शिक्षक आहे' म्हटल्यावर 'अजून दुसरं काही लागलं नाही का' असं विचारणारा समाज आपल्या मुलांना भूमिती कोणाकडून शिकवून घेणार आहे, असं मी लिहिलं होतं. जे गणितात चांगले निघतात त्यांना आपण हार घालून शाळेतून बाहेर पाठवतो आणि मग शाळा चांगली राहिली नाही म्हणून रडतो, असंही. त्यातलं एकही वाक्य मी आज मागं घेत नाही. आमच्या तुकडीतले गणितातले सगळे हुशार मिहानला, पुण्याला, हैदराबादला गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे शिक्षक होणं हे कोणी एक काम म्हणून ठेवलंच नव्हतं. ठेवलं होतं ते काही न जमलेल्यांची जागा म्हणून.

ते पत्रक घेऊन मी शाळेत आले होते. तुम्ही व्हरांड्यात उभ्यानं दोनदा वाचलंत. लाल पेननं एक दीर्घ ऱ्हस्व केलात. मग कागद उलटलात, आणि तुमच्या चेहऱ्यावर वही तपासतानाचा भाव आला.

"पुढून लय भारी लिहिलं वं," तुम्ही म्हणालात. "मागून कोरीच आहे."

मागं छापायला काही नव्हतं, मी म्हटलं.

"आहे ना. लिहिणारीचं नाव, अन ती कोणत्या शाळेत शिकवते ते."

मी चिडले. एका वर्गात तीस मुलं, एका पत्रकाचे हजारो वाचक, असं काहीतरी गणित तुम्हालाच शिकवलं. तुम्ही एवढंच विचारलंत की तुह्या पत्रकानं किती जण शिक्षक झाले. मोजणं हा तुमचा रोग आहे, असं म्हणून मी बस पकडायला निघून गेले. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण ते पत्रक वाचून एका मुलीचा फोन आला होता. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती, द्विधा मनःस्थितीत होती. तिनं खूप आदरानं विचारलं, मॅडम, तुम्ही कुठे शिकवता? मी आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालात. तुमच्या जागेवर कोणी आलं नाही. गणित आणि विज्ञान, दोन्ही तुमच्याकडेच होतं, त्यामुळे एक माणूस गेला की दोन विषय गेले. सत्कार झाला, शाल झाली, आणि पुढच्या सोमवारी तुम्ही स्कूटर काढून पुन्हा शाळेत गेलात. जास्वंदीच्या फुलांचा रस काढून आम्ल आणि आम्लारी ओळखायला तुमच्याशिवाय कोण लावणार होतं? मला वाटलं, यावर पत्रक झालं पाहिजे. म्हणून या जानेवारीत मी सहा दिवस तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. हातात टिपणवही, मनात मथळा तयार.

पहिल्या दिवशी दोन चकवे निघाले. मुलं खूश. दोन खडू, दोन मानकरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी चार. वर्गाला जत्रेचं रूप आलं होतं. मुलं तुमच्या हाताकडे टक लावून बसायची. मोनाली नावाची एक किडकिडीत मुलगी सगळ्यांत तेज, तुम्ही आकडा लिहून खडू उचलायच्या आत तिचा हात वर. "आज चार, सर," असं ती म्हणाली तेव्हा तुम्हीही हसलात. पण मी मागून पाहत होते. तुमचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून होता, आणि चौथा चकवा तिनं दाखवल्यावर तुम्ही फळ्याकडे पाहिलंत ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं.

मी टिपणवहीत लिहिलं: या वयातही खेळकरपणा. ते वाक्य अजून तिथं आहे. मी ते खोडणार नाही.

सहाव्या दिवशी विस्तारसूत्र होतं. ए वजा बी, कंसाचा वर्ग. तुम्ही लिहिलंत: ए वर्ग, वजा दोन एबी, वजा बी वर्ग. शेवटचं चिन्ह अधिक हवं. वजाच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ मारायची राहून गेली, एवढंच. उणे गुणिले उणे अधिक, ज्याच्यासाठी तुम्ही सगळ्या जिल्ह्यात ओळखले जायचात, तेच.

त्या तासात मुलांना तीन चकवे आधीच सापडले होते. त्यांचं समाधान झालं होतं. हा कोणी पाहिला नाही. मी पाहिला. मला आधी वाटलं, हाच मुद्दाम ठेवलेला चकवा आहे, सर घंटेआधी स्वतः दाखवतील. मग तुम्ही फळ्यापासून दोन पावलं मागं आलात, वर्गावरून नजर फिरवलीत आणि शेवटच्या बाकाशी येऊन थांबलात. माझ्याशी. तुम्ही विचारत होता. काही आहे का, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मी खाली पाहिलं. तुमचा अपमान होईल असं वाटलं, हे मी दहा दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं हे, की तोंड उघडलं असतं तर रिवाजाप्रमाणे खडू माझ्या हातात आला असता.

घंटा झाली. एकतीस मुलांनी शाईची पेनं काढली.

नंतर व्हरांड्यात स्कूटर सुरू न करताच तुम्ही थांबलात. "क्रांती, फळ्यावर आज काही राहिलं का?"

"नाही सर. सगळं बरोबर होतं."

"बरं," तुम्ही म्हणालात. किती हलके झालात तुम्ही त्या एका क्षणात. ते हलकं होणं मी पाहिलं म्हणूनच मला आज वाटतं की याहून वाईट काही मी कोणाचं केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत आला नाहीत. नागपूरला नेलं, डोक्यात गाठ निघाली. भेटीच्या वेळेत दुपारी मी आले तेव्हा तुम्ही चादरीवर बोटानं काहीतरी लिहीत होता आणि पुसत होता. बोलणं सावकाश झालं होतं. मला ओळखलंत, आणि काकूंना औषधाच्या निमित्तानं बाहेर पाठवलंत.

"आकडे दिसते मले," तुम्ही म्हणालात. "त्याच्या मधातलं दिसत नाही. अधिक आहे का वजा आहे, समजत नाही. किती चकवे मी ठेवले अन किती मले लागले, आता मलेच माहीत नाही. पोट्ट्यांच्या वह्या पाहून घेजो वं."

मी हो म्हटलं. मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि तो शब्द उच्चारलात. "भेव वाटते."

मला वाटलं होतं, तुम्ही कशालाही न घाबरणारे आहात. माझं सगळं लिहिणं त्या समजुतीवर उभं होतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं की एक चूक मला माहीत आहे, ती मी दुरुस्त करेन, बाकी वह्यांचीही काळजी करू नका. मी तुमच्या पायांवरची चादर नीट केली आणि बाहेर आले. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

काकूंनी मला बाजूला घेतलं ते रडायला नाही. त्यांना एकच विचारायचं होतं. "पोट्टे हसत होते का वं त्याईले, शेवटी शेवटी?"

हसत होते, पण आनंदानं, मी म्हटलं. चकवे मोजत होते.

काकू म्हणाल्या, "घरी येऊन सांगत होते, आज पोट्ट्याईनं चार पकडले म्हणून. मी म्हटलं, एवढे काहून ठेवता? तं चूप बसले."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. तरी तुम्ही रोज जात राहिलात. मला वाटतं, तुम्ही त्या वर्गावरच विसंबला होता. आपण कुठे चुकतो आहोत हे ही मुलं सांगतील, त्यांना तेवढंच तर शिकवलं आहे. डॉक्टरांच्याही आधी तुम्ही स्वतःला आठवीकडून तपासून घेत होता. आणि आठवीनं बरंचसं बरोबर सांगितलं. चुकली ती मोठी माणसं.

शाळेतल्या शोकसभेत मला बोलायला लावलं. मी छान बोलले. इतकं छान, की मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मुख्याध्यापिका मॅडमना त्यांना गप्प करावं लागलं. नंतर त्यांनी चहा देताना सांगितलं की गणिताच्या तासाला आता पीटीचे सर जाऊन बसतात, शिकवत नाहीत, बसतात. मुलं गाइडमधून उतरवून घेतात. तुमच्या ओळखीत कोणी आहे का, त्यांनी विचारलं. मी लगेच म्हटलं, मी यावर पत्रक काढते.

"पत्रक तं तुम्ही पाच वर्षांपासून काढून राहिल्या, ताई," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

वह्या मी त्या दिवशी आणल्या. एकतीसच्या एकतीस वह्यांत वजा बी वर्ग आहे, शाईत, काहींनी चौकट करून. बाकी तुमच्या शेवटच्या महिन्यातली प्रत्येक चूक मुलांनी धरली आहे. एवढी एकच राहिली. मोनालीच्या वहीत मात्र त्या वजाखाली कागद खरखरीत लागला. उजेडात धरला तर तिथं पेन्सिलीची पुसट उभी रेघ दिसली. काढलेली, आणि मग रबरानं खोडलेली.

काल शनिवारी मी पुन्हा शाळेत गेले आणि तिला विचारलं. ती चप्पल जमिनीवर घासत उभी राहिली.

"दिसला होता मले," ती म्हणाली. "पण तीन सापडले होते. मले वाटलं, मीच चुकली असन."

मग विचारायचं होतं सरांना, मी म्हटलं. माझ्या आवाजात चक्क रागही होता, सर.

तिनं वर पाहिलं. "तुमी मांग बसल्या होत्या ना, मॅडम. मी पाहिलं तुमच्याकडे. तुमी तं बी.एस्सी. आहा. तुमी काही बोलल्या नाही, म्हणून खोडलं."

मी त्या वर्गात शिकवायला नव्हते गेले. फक्त बसले होते. तरी एका मुलीनं माझं गप्प बसणं वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि आपलं बरोबर उत्तर स्वतःच्या हातानं पुसलं. तुम्ही जन्मभर मुलांना शिक्षकांवर शंका घ्यायला शिकवलंत, आणि मी एका तासात एका मुलीला स्वतःवर शंका घ्यायला शिकवलं. मला ज्याचं भेव आहे ते हेच. रिकामा वर्ग रिकामा राहत नाही. तिथं कोणी नसलं तर माझ्यासारखं कोणीतरी मागं बसून, न बोलता, काहीतरी शिकवून जातं.

सर, फळ्यावर एक राहिलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. हे तुम्हाला सांगायला मला तुम्ही जाईपर्यंत थांबावं लागलं.

उद्या सोमवार. मुख्याध्यापिका मॅडमना मी कळवलं आहे की वर्ष संपेपर्यंत आठवीचं गणित आणि विज्ञान मी घेईन, आणि पुढच्या वर्षासाठी बी.एड.चा अर्ज भरेन. त्यांनी मला धन्यवाद दिले नाहीत, तासांचं वेळापत्रक दिलं. मला ते आवडलं. पण तुम्हाला खरं सांगते, भेव तसंच आहे. उद्या फळ्याकडे वळल्यावर पुन्हा काहीच आलं नाही तर? या वेळी बाकावर तुम्हीही नसाल. बसा म्हणून कोणी सांगणार नाही, हे एवढं मात्र माझ्या ओळखीचं आहे.

मी वर्गाला बाहेर मैदानात नेणार आहे. तुम्ही आम्हाला न्यायचात तसं. चुन्याच्या फक्कीनं लांब रेघ मारायची, मधोमध शून्य, पुढे अधिकचे आकडे, मागे उण्याचे. एकेकानं शून्यावर उभं राहायचं. तोंड उण्याकडे करायचं, आणि त्याच तोंडानं मागं मागं पावलं टाकायची. कुठे पोचता ते पाहायचं. आठवीत मी चालले होते तेव्हा पाठ पुढे होती, पुढचं काही दिसत नव्हतं, धडपडू असं प्रत्येक पावलाला वाटत होतं, आणि तुम्ही लांबून ओरडून सांगत होता की थांबू नको, बरोबर चालली आहेस. थांबले तेव्हा अधिक चारवर होते. उद्या मी तुमच्याकडे तोंड करून मागं मागं पावलं टाकत चालणार आहे, सर. माझ्याकडे दुसरी काही युक्ती नाही.

आणि मग प्रत्येक वहीत एक उभी रेघ. पहिली मोनालीच्या. ती तिनंच काढायची.

आता पुन्हा वाचणाऱ्यांकडे वळते. हा कागद मी मुद्दाम एकाच बाजूनं छापून घेतला आहे. तुम्ही गणित किंवा विज्ञान शिकला असाल, नोकरीत असाल, निवृत्त असाल किंवा अजून शिकतच असाल, तर हा कागद उलटा करा. मागच्या कोऱ्या बाजूवर तुमचं नाव लिहा, तुमचा विषय लिहा, आणि आठवड्यातला कोणता तास तुम्ही उभ्यानं देऊ शकता ते लिहा. अजून विशीत असाल तर तो एक तास देऊन बघा, आणि जमला तर शिक्षक व्हायचं ठरवा. हात थरथरत असेल तरी लिहा. अक्षर वाचता आलं की पुरे. मग हा कागद खिशात ठेवून देऊ नका. तुमच्या घरापासून सगळ्यांत जवळच्या शाळेत जा, आठवीचं गणित कोण घेतं ते विचारा, आणि 'कोणी नाही' असं उत्तर मिळालं तर हा कागद त्यांच्या हातात द्या आणि खडू मागा.